साखरवाल्यांचा शनिवार

१० सप्टेंबर १९६०, शनिवार
डॉ. पेडणेकरांकडे गेलो होतो ते फक्त चष्म्याचा नंबर वाढला की काय हे विचारायला. त्यांनी लघवी तपासली. चष्म्याचा आणि लघवीचा संबंध काय, हे विचारायचं राहून गेलं. म्हणाले, मास्तर, साखर आहे, मधुमेह. मी म्हणालो, शक्य नाही. पोस्टात एकतीस वर्षं सर्व्हिस झाली, त्यात सिक लीव्ह शून्य.
दर शनिवारी सकाळी नऊला दवाखान्याच्या ओसरीवर साखरवाल्यांचा क्लास काढतायत. आजार काय, खायचं काय, तपासायचं कसं, हे सगळं म्हणे पेशंटलाच शिकवणार. फी नाही. मी म्हणालो, येईन, पण ऑब्झर्व्हर म्हणून. ते हसले. मान्य असावं.
सौ.ला आजाराचं बोललो नाही. डॉक्टरांना क्लास चालवायला अनुभवी माणूस हवा आहे, एवढंच सांगितलं.

१७ सप्टेंबर, शनिवार
क्लास पहिला. आम्ही सातजण. सहा पेशंट आणि मी.
शिकवते नर्स सेवरीना. वय सव्वीस-सत्तावीस. पुस्तकातलं शिकवताना शुद्ध बोलते, रागावली की मालवणी. तिने काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. रंग निळाच राहिला तर साखर नाही. नाहीतर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि सगळ्यांत वाईट विटकरी.
देवबागचा बाबली तांडेल शेजारी बसला होता. जन्म मासेमारीच्या मचव्यावर गेलेला, अक्षरशत्रू. त्याचा पिवळा आला. माझा नारिंगी. नारिंगीच्या पुढे अजून एक रंग शिल्लक आहे, म्हणजे माझी केस मध्यम.
बाबली म्हणाला, "माका वाचूक येना नाय, पण रंग कळता." मी त्याला सांगितलं, रंग कळणं आणि समजणं यात फरक आहे.

२४ सप्टेंबर, शनिवार
क्लास दुसरा, आहार. भात मोजून खायचा, पेज कमी, गोड बंद. मी हात वर करून प्रश्न विचारला: आजाराचं नाव साखर, मग गुळाला बंदी कशाच्या आधारावर? खाजा गुळाचा असतो. सेवरीना म्हणाली, पोटात गेल्यावर दोन्ही एकच. मी म्हणालो, हे लेखी दाखवा. ती म्हणाली, "मास्तरांनू, लेखी तुमच्या नळयेत दिसता."
बाकीचे हसले. शिस्त नाही.

२५ सप्टेंबर
निश्चय.
एक. भात फक्त दुपारी.
दोन. चहात साखर अर्धा चमचा.
तीन. खाजा फक्त जत्रेत.

२६ सप्टेंबर
रात्री भात घेतला, कारण बांगड्याची कढी होती आणि कढी नुसती पिणं म्हणजे तिचा अपमान. चहात एकच चमचा घेतला, पण दोन अर्धे करून. खाजा बाजारात समोर आला. जत्रा तशी महिन्या-दोन महिन्यांवर आलीच आहे.

२८ सप्टेंबर, सकाळी ७
माझी स्वतःची उपाययोजना आजपासून. तळवा हे शरीराचं सगळ्यांत खालचं टोक. साखर जड, ती खाली बसणार. ओल्या खारट वाळूतून अनवाणी चाललं की ती तळव्यावाटे झिरपून जाईल. मीठ लावलं की काकडीला पाणी सुटतं, तसंच हे. गावातल्या दांडीच्या किनाऱ्यावर दोन मैल चाललो. फार हलकं वाटलं. डॉक्टरांना इतक्यात सांगणार नाही. आधी रिझल्ट हातात येऊ दे.
तक्रार: घरात पाण्याची कळशी दुपारपर्यंत संपते. सौ.ला विचारलं तर म्हणाली, उकाडा. आणि मोरीत मुंग्या. गूळ कुठेतरी उघडा राहतो, हिला सांगून उपयोग नाही.

६ ऑक्टोबर
शनिवारी क्लासात पुन्हा नारिंगीच आला होता. तीन दिवसांच्या वाळूचा परिणाम इतक्यात दिसत नाही, हे मला माहीत होतं, पण सेवरीनाने सगळ्यांसमोर विचारलं की मास्तर पथ्य पाळतात की नाही. बाबलीचा हिरवा झाला म्हणून त्याला टाळ्या. मला प्रश्न.
माझा संशय औषधावर आहे. ते शिळं असावं. सिद्ध करायचं तर ठणठणीत माणसाची लघवी माझ्या नावावर द्यायची. ती निळी आली तर औषध बरोबर. मग माझीही निळी आली म्हणून नोंद होईल, तेही वाईट नाही.
ठणठणीत माणूस म्हणजे आमची सौ. पहाटे उठून विहिरीचं पाणी भरते, दोन जिने चढ-उतार, कधी डोकं दुखलं म्हणून निजली नाही.

७ ऑक्टोबर
सौ.ला सांगितलं, नव्या राज्य सरकारचं सर्क्युलर आहे, प्रत्येक घरातल्या गृहिणीची लघवी सर्व्हेला पाठवायची. म्हणाली, "सरकाराक आता ह्याच करूचा रवला?" पण दिली. सरकारी कामाला ती नाही म्हणत नाही. तेहतीस वर्षं माझ्याबरोबर काढल्याचा गुण.

८ ऑक्टोबर, शनिवार
विटकरी.
सेवरीनाने नळी उजेडाकडे धरली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काय खाल्लास तुमी आठवडाभर?" मी म्हणालो, औषध शिळं आहे. तिने त्याच बाटलीतल्या औषधाने बाबलीची तपासली. हिरवी.
घरी येताना विचार केला. मी नेलेल्या बाटलीला आधी काकवी लागली होती काय? शक्य आहे. पुढच्या वेळी बाटली राखेने घासायची.

१५ ऑक्टोबर, शनिवार
बाटली राखेने घासली, तीन पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली. सौ.ला म्हटलं, सर्व्हेचा दुसरा हप्ता.
विटकरी.
डॉक्टर आत बोलावून म्हणाले, मास्तर, असंच चाललं तर गोळ्यांनी भागणार नाही, इंजेक्शन घ्यावं लागेल. मी मान हलवली. बाहेर येऊन पायरीवर जरा बसलो.

१६ ऑक्टोबर
कळशीचा हिशेब उकाड्याने लागत नाही. परवापासून पाऊस आहे.
हिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. चोळ्या सैल झाल्यात, मला वाटत होतं शिंपी बदलला. रात्री दोन-तीनदा उठते. मोरीतल्या मुंग्या गुळाच्या नव्हेत.
डॉक्टरांना सांगायला हवं. पण ते विचारणार, कशावरून? मग बाटलीचं सांगावं लागेल. जी गोष्ट मी तपासणीच्या हेतूने केली, तिला लोक फसवणूक म्हणतील. सेवरीना तर ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणेल.
सोमवारी बघू.

१८ ऑक्टोबर
सोमवारी डॉक्टर कट्टा गावी गेले होते. (दुपारी परत आले, पण तेव्हा ऊन होतं.) आज मंगळवार. दिवाळी तोंडावर आलेली, ही फराळात गुंतली आहे. आता तिला दवाखान्यात नेलं तर घाबरेल. दिवाळी झाली की लगेच.
तोवर तिला म्हटलं, गोड खाऊ नकोस. म्हणाली, "मी खंय खातंय? तुमीच खातास."

२० ऑक्टोबर, सकाळी ९ नंतर लिहितोय
ही विहिरीवर होती. कळशी पडल्याचा आवाज झाला. गेलो तर काठावर दोर धरून बसली होती. कळशी आत. म्हणाली, "पाय गळाले. माका उभ्या रवाक येना नाय." तोंड कोरडं, श्वास जोरात. मी तिचा हात धरला. सरकारी माणसाने कधी घाबरू नये.
दिवाळी होती. दवाखाना बंद. हिला घेऊन डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांनी सेवरीनाला बोलावून घेतलं, ती नव्या साडीवर तशीच आली. नळी तापवली. विटकरी.
ती मला म्हणाली, "मास्तरांनू, ह्यो रंग मी दोन शनिवार बगतंय. तुमी कोणाची बाटली हाडलास?"
मी स्टेटमेंट दिलं. म्हणजे तपासणीचा हेतू, औषध शिळं असल्याचा संशय, सर्क्युलर, सगळं क्रमवार. मधेच डॉक्टर म्हणाले, मास्तर, पुरे. पहिल्या विटकरीला तुम्ही आला असता तर बारा दिवस मिळाले असते.
सौ. बाकावर निजली होती. सगळं ऐकत होती. 

२३ ऑक्टोबर
बोलत नाही. जेवण वाढते. माझा भात मोजून वाढते. हेही बोलण्यासारखंच आहे.

२४ ऑक्टोबर
बोलली. इंजेक्शन घेऊन आल्यावर चुलीपाशी बसली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुमच्या लबाडीन माझो जीव वाचलो. तसा नसता तर माका कोण तपासूक नेतलो होतो?"
बरोबर हेच मी म्हणत होतो. मी बाटली दिली नसती तर आजार कळलाच नसता. श्रेयाचा विषय मी काढणार नव्हतो, पण तिने स्वतःच काढला.
नंतर ती रडली. ते का, ते कळलं नाही. विचारलं नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार
आता क्लासात सौ. पेशंट आणि मी तिचा सोबती. हा हुद्दा मला पसंत आहे. बाटलीची हकीकत मात्र सगळ्यांना ठाऊक झालीय. बाबली माझ्याकडे बघून फक्त खोकतो.
विषय: इंजेक्शन. तिला रोज टोचून घ्यावं लागणार. सिरिंज उकळायची, औषधाची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची, आणि सरावासाठी पपनसात सुई खुपसायची. घरी हे काम मी करणार असं मी जाहीर केलं. पोस्टात शिक्का मारून मारून माझा हात पक्का झालाय.
पपनसावर माझी पद्धत उत्कृष्ट. मग सेवरीनाने सौ.चा दंड माझ्यापुढे केला.
पुढचं बाबलीकडून कळलं. मी सावकाश पडलो, डोकं बाकाला लागू न देता. त्याने पाणी मारलं. डोळे उघडले तेव्हा सौ. मांडीवरचं लुगडं बाजूला करून स्वतःच टोचून घेत होती आणि सेवरीना "बरां, बरां" म्हणत होती.
सकाळी नीट खाल्लं नव्हतं.

३१ ऑक्टोबर
क्लास बंद. माझ्यापुरता. ज्या ठिकाणी माणसाच्या हेतूची कदर नाही तिथे जाऊ नये. आता घरी एक पेशंट आहे, तेवढं पुरे. माझी तब्येत उत्तम. गेला महिनाभर लघवी तपासली नाही आणि काही बिघडलेलं नाही, यावरूनच काय ते समजावं. वाळू चालू आहे.

५ नोव्हेंबर, शनिवार
सौ. एकटी क्लासला गेली. येऊन म्हणाली, आज पायांचा धडा होता. आता ती सांगणार इतक्यात मी उठलो आणि अंगणातली पोफळं मोजायला गेलो.
तिचा रंग आज हिरवा.

७ नोव्हेंबर, सकाळी
मोठी गंमत. किनाऱ्यावरून परत येताना मागे वळून बघितलं तर वाळूत एकाआड एक पावलाला रक्त. खडकापाशी कालवांच्या शिंपल्यांवर पाय पडला असणार. उजव्या पायाच्या करंगळीखाली लांब चीर. आणि मला अजिबात दुखलं नाही!
सहनशक्ती. वाळूचा दुसरा फायदा. बाबलीसारखा दर्यावर्दी कालव लागलं तर बोंबलतो, आणि मी दीड मैल चालत आलो. हळद भरली. सौ.ला सांगायचं कारण नाही, ती हल्ली प्रत्येक गोष्टीत क्लासातलं काढते.

१२ नोव्हेंबर, शनिवार
सौ.चा निळा! क्लासात तिला टाळ्या मिळाल्या म्हणे. सेवरीना तिला म्हणाली, पुढच्या महिन्यात नवीन पेशंट येतील त्यांना तुम्ही नळी तापवून दाखवा.
घरी आल्यावर म्हणाली, "पाय दाखवा." मी म्हणालो, कशाला? म्हणाली, साखरवाल्याच्या पायाला लागलेलं कळत नाही, म्हणून घरातल्या माणसाने रोज बघायचं असतं. मी म्हणालो, मला सगळं कळतं. आणि पाय ही माणसाची खाजगी बाब आहे.
आजपासून मोजे.

१५ नोव्हेंबर
मोजे आणि पंपशू. घरात पंपशू बघून शेजारच्या शेवंतीने विचारलं, मास्तर परगावी चाललेत का? मी म्हटलं, सवय.
अंगात थोडी कणकण. हवाबदल.

१९ नोव्हेंबर, शनिवार
सौ. क्लासहून आली आणि दारातच थांबली. म्हणाली, कसली घाण येते? मी म्हणालो, शेवंतीने सुकट वाळत घातली आहे. ती म्हणाली, शेवंती तीन दिवस माहेरी आहे.
मग मी म्हणालो की उंदीर मेला असेल. तिने माळा झाडला. मी खाली बसून तिला कोपरे दाखवत होतो.
आजही दुखत नाही. दुखत नसेल तर ती जखमच नव्हे.

२१ नोव्हेंबर, दुपारी
जेवून पडलो होतो. जाग आली ती हिच्या किंकाळीने. मोजा हिच्या हातात. अर्धा मोजा हातात आणि अर्धा पायालाच चिकटलेला.
मी खाली बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. करंगळी काळी. शेजारचं बोट काळं. चीर आत कुठपर्यंत गेली ते दिसत नव्हतं.
ही म्हणाली, "दुखणा नाय?"
मी म्हणालो, "नाय."
मग तिने माझ्या पायाशीच कपाळ धरलं. म्हणाली, "मी इतके दिस त्या क्लासात काय शिकलंय? दुसऱ्यांचे पाय बगीत रवलंय."
मी सांगणार होतो की चूक तिची नाही. वाक्य तयार होतं. तेवढ्यात शेजाऱ्यांनी बोलावलेला बाबली बैलगाडी घेऊन आला.

२३ नोव्हेंबर
मोठ्या हॉस्पिटलात. एस्.टी.त मागच्या बाकावर सौ.ने माझा पाय तिच्या मांडीवर धरला होता, कट्ट्याच्या स्टँडवर लोक खिडकीतून डोकावत होते. सर्जन म्हणाले, दोन बोटं जातील, उद्या. मी विचारलं, वाचवता येणार नाहीत का? म्हणाले, पाय वाचतोय हेच बघा. चार दिवस उशिरा आला असता तर गुडघ्याचं बोललो असतो.
मी त्यांना वाळूची थिअरी सांगायला सुरुवात केली. ते ऐकून घेत होते. मग मीच थांबलो.

२६ नोव्हेंबर
दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.
मलाही इंजेक्शन लागलं आहे. सकाळी नर्सची वाट न बघता सौ.नेच दिलं. डोळे मिटून घ्या म्हणाली. मी मिटले नाहीत. (अर्धे.)
तिच्या हाताला कंप नाही. कधी टोचलं ते कळलंच नाही. दंडावर मात्र नंतर दुखलं, तेव्हा बरं वाटलं. म्हणजे दंड अजून माझा आहे.

४ डिसेंबर
घरी. सेवरीना देवबागला जाताना डोकावली. मला वाटलं रागावेल, पण ती गुडघे टेकून बसली आणि पट्टी सोडून सगळं बघितलं, डावा पायसुद्धा, प्रत्येक बोटाच्या फटीत. तिच्या बापाचा पाय असाच गेला म्हणाली, मांडीपासून. म्हणून ती नर्स झाली. हे तिने क्लासात कधी सांगितलं नव्हतं.
जाताना विचारलं, सतरा तारखेला नवे पेशंट येणार, पायांचा धडा पुन्हा आहे, तुम्ही याल?
मी म्हणालो, बोलायला सांगितलंत तर येईन.

१५ डिसेंबर
भाषणाची तयारी पूर्ण. फुलस्केपची अकरा पानं. प्रस्तावना, आजाराचा इतिहास, पेशंटची कर्तव्ये, डॉक्टरांकडून झालेल्या काही त्रुटी (सौम्य शब्दांत), माझे अनुभव, उपसंहार. साधारण चाळीस मिनिटं. सौ.ला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर तिला झोप लागली, पण ती दिवसभर दमते.

१७ डिसेंबर, शनिवार
नवे पेशंट नऊ. दोन बायका, कट्ट्याचा एक दुकानदार, बाकी कोळी. सौ.ने नळी तापवून रंग दाखवले. कोणाचंही काही चुकलं तर रागावत नाही. तिला एवढं येतं हे मला ठाऊक नव्हतं.
मग सेवरीनाने मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, दाखवू? मी मान हलवली. तिने पट्टी सोडली आणि माझा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवला. लोक एकेक करून पुढे आले. सौ. म्हणत होती, "येवा, लागीन येवन बगा. घाबरू नकात." दुकानदाराने नाकाला रुमाल लावला आणि मग काढला. एका बाईने पायाला हात लावून नमस्कार केला, का ते तिलाही कळलं नसावं.
सगळे बघून बसले. सेवरीना म्हणाली, आता मास्तर बोलतील.
मी अकरा पानं काढली. चष्मा लावला. अक्षरं दिसत होती पण एकमेकांत मिसळलेली. समोर नऊजण, अठरा पाय, बहुतेक अनवाणी. मी उठून उभा राहायला गेलो, तोल गेला, सौ.ने धरलं.
"चपला घाला," मी म्हणालो.
आणखी काही तरी म्हणणार होतो. आठवेना. बसलो.
टाळ्या वगैरे नाहीत. कोणीतरी खोकलं. सेवरीना पुढच्या धड्याकडे वळली.
परतताना भर बाजारातून सौ.ने माझा दंड धरला होता. तेहतीस वर्षांच्या संसारात रस्त्यात कधी धरला नव्हता. पोस्टासमोर दोन ओळखीचे उभे होते. मला वाटलं सोडवून घ्यावा. पण पायाचा तोल जात होता. राहू दिला.